डिस्कला भोकं पाडून घाट उतरत नाही

पाऊस सरला, कासच्या रस्त्यावर गर्दी सुरू झाली, की साताऱ्यातल्या गाडीवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरायला लागतो. सोबत लालभडक तापलेल्या डिस्कचा, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी तबकडीचा, फोटो. मजकूर साधारण असा: पसरणी किंवा केळघर घाट उतरताना ब्रेक जातात, कारण डिस्कला हवा लागत नाही. म्हणून साध्या डिस्कला एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपात भोकं पाडून घ्या. डिस्कमागचा पत्रा काढून टाका. बंपरमधून चाकापर्यंत मिळेल तो पाइप ओढा. ब्रेक ऑइल डॉट ५ घाला, आकडा सगळ्यात मोठा म्हणून. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड रेसिंगचे बसवा. आणि घाट उतरला की डिस्कवर पाण्याची बाटली ओता. एवढं केलं की स्पोर्ट्स कारचे ब्रेक कधीच जाणार नाहीत, अशी हमीही शेवटी दिलेली असते.

यातली एकही गोष्ट पूर्ण खोटी नाही, हीच पंचाईत आहे. भोकांच्या डिस्क असतात, रेसच्या गाड्यांना हवेचे पाइप असतात, डॉट ५ नावाचं ब्रेक ऑइलही असतं. मेसेज लिहिणाऱ्याने ट्रॅकवरच्या गाडीचं औषध घाटातल्या गाडीला दिलंय, तेही चिठ्ठी अर्धीच वाचून.

आधी उष्णतेचा हिशोब

१५०० किलोची गाडी ताशी १०० किमीवरून पूर्ण थांबवली की सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते. त्यातला ७० टक्के वाटा पुढच्या चाकांचा. पुढची एकेक डिस्क ८ किलोची धरली, तर एका थांब्यात ती साधारण ५५ अंशांनी तापते. ट्रॅकवर असे दणके एकामागून एक बसतात, पण दोन दणक्यांच्या मधे सरळ पट्ट्यावर जोराचा वारा मिळतो.

आता पसरणी. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत सुमारे ५७५ मीटरचा फरक, अंतर साधारण १२ किमी. तीच गाडी एवढी खाली आणताना सुमारे साडेआठ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. शंभरवरून जवळजवळ पंधरा वेळा थांबण्याइतकी. टायरचं घर्षण आणि वारा मिळून त्यातला तिसरा हिस्सा खातात. उरलेली सगळी, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, ताशी ४० किमीने, ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, तर अठरा मिनिटं पुढच्या प्रत्येक डिस्कमध्ये जवळजवळ १९०० वॉटने ओतली जाते. प्रत्येक पुढच्या चाकात एक इंडक्शन शेगडी फुल्ल करून ठेवल्यासारखं. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलात तर उंचीतला फरक १३०० मीटरच्या आसपास, म्हणजे हिशोब दुपटीच्या वर.

हीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उतरवा. पसरणीचा सरासरी उतार पाच टक्क्यांच्या आत आहे. दीड-दोन लिटरचं पेट्रोल इंजिन दुसऱ्या गिअरात तीन हजार आरपीएमच्या आसपास गाडी बहुतेक जागी स्वतःच धरून ठेवतं. ब्रेक लागतो तो वळणाआधी, दोन-तीन सेकंद. शेगडी चालू-बंद होत राहते, बहुतांश वेळ बंदच. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडवर घ्या आणि पॅडलने गिअर धरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्यांसाठी एवढंच, की फ्युएल इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये उतरत असताना ॲक्सिलरेटर सोडलेला असेल तर इंजेक्टर बंद होतात. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगचं पेट्रोल जळतच राहतं. इंजिनच बंद करून उतरणं तर आगीतून फुफाट्यात. दोन-तीन दाबांत बूस्टरमधला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला, व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

फोटोचंही सांगून टाकू. डिस्क डोळ्यांना लाल दिसायला पाचशे अंशांच्या वर जावी लागते, तेही अंधारात. असे फोटो टेस्ट बेंचवरचे नाहीतर संध्याकाळच्या रेसमधले असतात. घाटात ब्रेक जातात ते डिस्क लाल होण्याच्या कितीतरी आधी, आणि बहुतेक वेळा त्यात डिस्कचा दोष नसतो.

नक्की काय गेलं, ते पाय सांगतो

मेसेजमध्ये हे एका ओळीनेही आलेलं नाही, आणि बाकी सगळं यावरच अवलंबून आहे. ब्रेक गेले म्हणजे काय झालं? पेडल नेहमीच्या उंचीवर घट्ट लागतंय, जोर लावूनही गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड तापून त्याची पकड गेली. पेडल स्पंजासारखं मऊ होऊन तळाला जातंय, दोन-चारदा भरभर पंप केल्यावर थोडं वर येतंय, तर कॅलिपरमधलं, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीतलं, ब्रेक ऑइल उकळलं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर बुडबुडे चेपण्यात जातो.

दोन्हींचे उपाय वेगळे. तापून पकड गेलेल्या पॅडला चांगला पॅड आणि गार डिस्क लागते. उकळलेल्या ऑइलला नवं ऑइल लागतं. तिथे डिस्कला शंभर भोकं पाडलीत तरी पेडल तळालाच जाणार. आपल्याकडच्या घाटांत, जुन्या ऑइलवर चालणाऱ्या गाड्यांत, दुसराच प्रकार जास्त घातक, कारण तो चोरपावलांनी येतो. घाट उतरताना मधेच फोटोसाठी दहा मिनिटं थांबलात, की वारा थांबतो, डिस्क आणि पॅडमधली उष्णता पिस्टनमधून ऑइलकडे सरकत राहते आणि निघाल्यावर पहिल्याच वळणाला पेडल खाली जातं. खाली पोचून गाडी गार झाली की वाफेचं पुन्हा पाणी होतं, पेडल पहिल्यासारखं. गॅरेजमध्ये दाखवायला नेलीत तर मेकॅनिक म्हणणार, काहीच दोष नाही. ऑइल मात्र तेच असतं.

चालत्या गाडीत पेडल खाली गेलंच, तर भरभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या.

भोकं

व्हेंटिलेटेड डिस्क म्हणजे दोन चकत्या आणि मधे पाती. फिरताना ती पंख्यासारखी मधून, हबच्या (चाक बसतं त्या मधल्या भागाच्या) बाजूने, हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते. कूलिंगचं मुख्य काम या पात्यांमधल्या वाटांचं. चकतीला आडवी भोकं पाडली म्हणून त्यात फार भर पडत नाही. भोकांचा मूळ हेतू वेगळा होता: जुन्या पॅडमधून तापल्यावर निघणारा वायू बाहेर जावा आणि पावसात डिस्कवरचा पाण्याचा थर चटकन तुटावा. आजच्या पॅडमधून तेवढा वायू निघत नाही. पावसाचा फायदा मात्र खरा आहे, आणि महाबळेश्वरच्या पावसात तो जाणवतोही. तेवढ्यासाठी कंपनीची खाचांची डिस्क मिळत असेल तर जरूर घ्या.

वर्कशॉपमध्ये पाडलेल्या भोकांची गोष्ट निराळी. डिस्क ग्रे कास्ट आयर्नची असते. दाब सहन करते, ताण नाही. तापणं-निवणं चाललं की ताण नेमका भोकाच्या काठावर गोळा होतो. कंपनी भोकाची जागा पाती चुकवून ठरवते, काठ तिरपा घासते. वर्कशॉपमधला बिट पात्यावर उतरला की ते अर्धं कापलं जातं आणि काठ धारदार राहतो. आधी भोकाभोवती केसासारख्या बारीक चिरा येतात, मग एका भोकातली चीर दुसऱ्याला जाऊन मिळते, एक दिवस ती कडेपर्यंत जाते आणि डिस्क फुटते. कंपनीच्या भोकांच्या डिस्कवरही बारीक चिरा दिसतात. चीर दोन भोकं जोडत असेल किंवा कडेला पोचली असेल, तर डिस्क त्याच दिवशी भंगारात.

वजनाचं म्हणाल तर, ६ मिमीची ६० भोकं पाडली की डिस्कमागे जेमतेम १७० ग्रॅम लोखंड जातं. त्याने फार बिघडत नाही, पण सुधारतही काही नाही, कारण उष्णता साठवायला लोखंडच लागतं. पातळ पातेल्यात दूध लागतं, जाड बुडाच्या कढईत लागत नाही, तशातलंच हे. आणि इथे खरी चोरी झिजेने होते. ३१२ मिमी व्यासाची डिस्क २५ वरून २३ मिमीवर आली की सहाशे ग्रॅमच्या वर लोखंड गेलेलं असतं. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या उंच टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्निअर लावून सात-आठ ठिकाणी मोजा. कडेला ओठ राहतो, तो टाळून आत मोजा. किमान जाडीच्या जवळ आलेल्या डिस्कला लेथवर टर्निंग मारून घेणं म्हणजे कढईचं बूड स्वतःच्या हाताने पातळ करणं.

वाकडी पाती असलेल्या डिस्क घेतल्यात तर डावी-उजवी बघून बसवा. पाती वरच्या बाजूला मागे झुकलेली दिसली पाहिजेत. खाचांची दिशा बघून बसवणारे हमखास फसतात. खाच कुठेही वळलेली असो, हवा पाती ढकलतात.

मागचा पत्रा

ट्रॅकवरच्या गाड्या हा पत्रा काढतात, खरं आहे. त्या गाड्या दर फेरीनंतर जॅकवर चढतात, बॉल जॉइंटचे बूट, टाय रॉड एंड, एबीएस सेन्सरची वायर हे सगळं कुणीतरी हात लावून बघतं. तो पत्रा नेमकं यांनाच वाचवतो. डिस्कची उष्णता सरळ बॉल जॉइंटच्या रबरावर पडली की रबर कडक होऊन चिरतं, आतलं ग्रीस पातळ होऊन वाहून जातं, आणि काही महिन्यांनी खड्ड्यात खडखड सुरू होते. तेव्हा त्याचा पत्र्याशी संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही. त्यात भर घाटातली खडी आणि कासच्या रस्त्यावरचा तांबडा चिखल. पत्रा आणि डिस्क यांच्यात खडा अडकला तर नुसता करकर आवाज येतो. पत्राच नसेल तर चिखल थेट आतल्या चकतीवर बसतो आणि आतला पॅड बाहेरच्याच्या आधी संपतो.

पाइप

मेसेजमधली सगळ्यात कामाची कल्पना हीच, आणि सगळ्यात वाईट तऱ्हेने सांगितलेलीही हीच. आधी मर्यादा. पाइपमध्ये हवा ढकलणारा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १२० किमीला जेवढा दाब मिळतो, त्याच्या नवव्या हिश्शाइतका ताशी ४० ला. म्हणजे पसरणी उतरताना या पाइपचा उपयोग नावापुरता. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर गाडी नेणार असाल तर मात्र पुढचं वाचा.

तोंड कुठे: बंपरच्या खालच्या जाळीत किंवा फॉग लॅम्पच्या रिकाम्या खोबणीत, जिथे वारा समोरून आदळतो. चाकाच्या कमानीत तोंड ठेवलं तर तिथे दाबच नसतो, पाइप नुसता लटकतो. तोंडाचं क्षेत्रफळ पाइपपेक्षा कमी नको, आणि त्यावर खडे अडवायला मोठ्या छिद्रांची जाळी हवी. बारीक डासांची जाळी लावली तर निम्मी हवा तिथेच अडते.

पाइप कोणता: ६३ किंवा ७५ मिमी व्यासाचा, काचतंतूच्या कापडावर सिलिकॉनचा थर आणि आत तारेचा स्प्रिंग असलेला. बहुतेक केशरी रंगाचा मिळतो आणि सुमारे ३०० अंश सोसतो. काळ्या निओप्रीनचा दीडशेच्या आसपास हात टेकतो. तो बंपरकडच्या थंड भागात चालेल, डिस्ककडच्या शेवटच्या दोन वितींत नको. वॉशिंग मशीनचा ड्रेन पाइप, चिमणीचा ॲल्युमिनिअमचा पाइप, नळाचा पीव्हीसी, यातलं काहीही नको. पहिला वितळतो, दुसरा चाक वळताना घडीवर तुटतो, तिसरा मऊ होऊन टायरवर झुकतो.

शेवट कुठे: हेच नव्वद टक्के लोक चुकवतात. पाइपचं टोक डिस्कच्या आतल्या चकतीवर रोखून ठेवतात. मग आतली चकती गार, बाहेरची गरम, डिस्क बशीसारखी वाकू पाहते आणि चिरा लवकर येतात. हवा गेली पाहिजे डिस्कच्या मध्याकडे, हबभोवतीच्या त्या गोल फटीत जिथून पाती हवा ओढतात. मागचा पत्रा इथे कामाला येतो. हबजवळ त्यात पाइपच्या मापाचं भोक कापा, दीड-दोन मिमीच्या स्टीलच्या पत्र्याचं नळकांडं करून ते तिरकं बसवा आणि तीन-चार रिव्हेट किंवा वेल्डने पक्कं करा. साताऱ्याच्या एमआयडीसीत असं नळकांडं वळून देणारे फॅब्रिकेटर मिळतील. नमुन्याला मूळ पत्रा न्या, तोंडी माप सांगू नका. वेल्ड करण्याआधी पत्रा गाडीवरून काढा, एबीएस सेन्सरजवळ वेल्डिंगचा करंट जाऊ देऊ नका. नळकांडं आणि डिस्क यांत किमान १० मिमी मोकळं ठेवा.

बसवल्यावर जॅकवर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, मग सस्पेन्शनखाली दुसरा जॅक लावून चाक पूर्ण वर ढकला आणि पुन्हा दोन्हीकडे वळवा. चारही स्थितींत पाइप टायरला, स्प्रिंगला आणि ड्राइव्ह शाफ्टच्या बुटाला लागता कामा नये. प्लास्टिकच्या टायने बांधू नका, स्टेनलेसच्या पट्ट्या वापरा. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर परत खाली डोकावा. पाइपवर चकाकणारा घासल्याचा डाग दिसला तर तिथे भोक पडणार, आज ना उद्या.

एवढा खटाटोप नको असेल तर स्वस्त वाटही आहे. पोर्शच्या ९९६ आणि ९९७ जीटी३ गाड्यांवर खालच्या कंट्रोल आर्मला (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याला) प्लास्टिकचा छोटा पंख असतो, गाडीखालून जाणारी हवा हबकडे वळवणारा. बॉक्स्टर आणि केमनवाले तोच घेऊन बसवतात. कापाकापी नाही, हलणारा पाइप नाही. इतर गाड्यांसाठी त्याच धर्तीचा बनवता येतो, फक्त आपल्या गावच्या स्पीडब्रेकरला तो लागणार नाही एवढी उंची बघा.

आणि जून ते सप्टेंबर पाइपच्या तोंडाला झाकण. नाहीतर पसरणीच्या धो धो पावसात तुम्ही डिस्कला हवेऐवजी वाळूमिश्रित पाणी पाजत असता, आणि पहिल्या दाबाला ब्रेक उशिरा लागतो.

डॉट ५

मेसेजमधला सगळ्यात धोक्याचा सल्ला. डॉटचे आकडे शाळेच्या इयत्तांसारखे चढत जात नाहीत. डॉट ३, ४ आणि ५.१ ही ग्लायकॉलची कुळं, एकमेकांत मिसळणारी. डॉट ५ सिलिकॉनचं, जांभळ्या रंगाचं, या कुळातलंच नव्हे. ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही, पाणी शोषत नाही, त्यामुळे आत शिरलेलं पाणी थेंब होऊन कॅलिपरच्या तळाशी बसतं आणि १०० अंशांलाच उकळतं. शिवाय त्यात हवा धरून राहते, एबीएसचा पंप चालू झाला की फेस होतो. एबीएस असलेल्या गाडीत त्याला जागाच नाही. आणि गंमत म्हणजे उकळबिंदूचं किमान प्रमाण डॉट ५ आणि ५.१ यांना एकच आहे: कोरडं असताना २६० अंश, पाणी शोषल्यावर १८०. डॉट ४ ला २३० आणि १५५, डॉट ३ ला २०५ आणि १४०.

यातला दुसरा आकडा महत्त्वाचा. ग्लायकॉलचं ऑइल हवेतली ओल शोषतं; ३.७ टक्के पाणी गेलं की उकळबिंदू दुसऱ्या आकड्यावर येतो. जावळी-पाटणच्या पावसात उभ्या असलेल्या गाडीत हे व्हायला फार वेळ लागत नाही. तीन वर्षांचं डॉट ४ घालून पसरणी उतरणारा माणूस प्रत्यक्षात १५५ अंशांवर उतरत असतो, बाटलीवर काहीही छापलेलं असो. रेसिंगची ऑइलं कोरडी ३१० अंशांच्या वर जातात, पण तीही ओल शोषतात, म्हणून ट्रॅकवाले दर इव्हेंटआधी बदलतात. घाटातल्या गाडीला दरवर्षी, पाऊस संपल्यावर, ताजं डॉट ४ किंवा ५.१ पुरतं. या एका लिटरइतका फायदा मेसेजमधल्या दुसऱ्या कशाचाही नाही.

बदलताना: बाटली सीलबंद हवी, मागच्या वर्षीची अर्धी उरलेली नको. टाकीतलं जुनं सिरिंजने ओढून घ्या, नवं भरा. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य पंपापासून) सगळ्यात लांबच्या चाकापासून, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत बहुधा मागच्या डाव्या चाकापासून. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. कॅलिपरवरच्या निपलला (हवा-ऑइल काढायच्या स्क्रूला) रिंग पाना, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. आत बसलेल्याने पेडल सावकाश दाबायचं, बाहेरच्याने निपल पाव ते अर्धा आटा उघडायचा, आणि पेडल सुटण्याआधी बंद करायचा. रंग बदलून स्वच्छ येईपर्यंत. मागे साधारण पाव लिटर, पुढे थोडं कमी. टाकीतली पातळी मिनिममच्या खाली एकदा जरी गेली तरी हवा शिरते, ती एबीएसच्या ब्लॉकमध्ये अडकली तर स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही.

जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरमधला पिस्टन जिथवर जातो त्याच्या पुढची नळी गंजलेली असते. असं ऑइल काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की सील त्या गंजावरून घासून फाटतो. मग ऑइल बदललं आणि ब्रेक बिघडले, असं होऊन बसतं. चार पिस्टनच्या कॅलिपरला दोन निपल असतात, दोन्हींतून काढा. आणि कितीही काढली तरी हवा येतच राहिली, तर कॅलिपर डावा-उजवा अदलाबदल झालाय का ते बघा. निपल वरच असला पाहिजे. खाली आला तर हवा वरच्या कोपऱ्यात अडकून बसते, दहा लिटर ऑइल ओतलं तरी निघणार नाही.

सांडलेलं ऑइल गाडीचा रंग उतरवतं, लगेच पाण्याने धुवा. आणि नाव ब्रेक ऑइल असलं तरी हे खनिज तेल नव्हे. चुकून टाकीत पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल पडलं की सगळे रबर सील फुगतात, कुठलाही फ्लश मग उपयोगी नाही.

रेसिंग पॅड

रेसिंगच्या पॅडला चावा यायला उष्णता लागते. डिसेंबरच्या सकाळी यवतेश्वरच्या पहिल्या वळणावर गार पॅड नुसते घसरतात, आवाज करतात आणि डिस्क खातात. रस्त्यासाठी फास्ट रोड म्हणून मिळतात तेवढेच पॅड घ्या. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या सरळ रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, मग पाच-सात किमी ब्रेक न लावता चालवा. हे न करता नवे पॅड घेऊन थेट घाटात गेलात तर पहिल्याच तापण्यात त्यातला चिकट अंश बाहेर येतो आणि पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नाही. पॅड अर्ध्याखाली झिजले की बदला. पातळ पॅड पिस्टनकडे, म्हणजे ऑइलकडे, जास्त उष्णता जाऊ देतो.

नवीन पॅडने, नवीन पाइपने काही फरक पडला का, हे अंदाजाने ठरवू नका. डिस्कच्या कडेला तापमानाचा रंग लावा: हिरवा ४३०, केशरी ५६०, लाल ६१० अंशांला पांढरा पडतो. कॅलिपरला चिकटवायच्या पट्ट्याही मिळतात, आणि घाटातल्या गाडीला त्याच जास्त कामाच्या, कारण ऑइल तिथे असतं. लेझरवाल्या थर्मामीटरने चकाकत्या चकतीवर मोजलंत तर आकडा कमी येतो. खडबडीत कडेवर मोजा.

पाण्याची बाटली

डबक्यातून जाताना फिरत्या डिस्कवर पाणी सगळीकडून सारखं उडतं. उभ्या गाडीच्या तापलेल्या डिस्कवर ओतलेली बाटली एकाच ठिकाणी पडते. तिथलं लोखंड झटक्यात आकसतं, शेजारचं नाही, आणि चीर तिथून सुरू होते. भोकं पाडलेल्या डिस्कला तर ही बाटली म्हणजे शेवटचा धक्का.

डिस्क वाकली म्हणून जी थरथर सांगितली जाते, ती बऱ्याचदा दुसऱ्याच कारणाने असते. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी केली की पॅडचा थर त्या एका जागी छापला जातो, डिस्कची जाडी तिथे बदलते, आणि पुढे दर फेऱ्याला पेडल धडधडतं. म्हणून पसरणी गाव मागे पडलं की वाईपर्यंतच्या सपाट रस्त्यावर गाडी हळू चालवत न्या, वारा लागू द्या. थांबायचंच असेल तर जागा सपाट बघा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढू नका, चाकाला दगड लावा. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर बऱ्याच गाड्यांत तो आपोआप लागतो, ते आधी सेटिंगमधून बंद करा. वीस मिनिटांनी निघताना दगड उचलून रस्त्याच्या कडेला टाका; मागून येणाऱ्या दुचाकीला अंधारात तो दिसत नाही.